छतावरचा डाग आणि कौन्सिलची फाइल : लंडनमधल्या एका भाडेकरूचा अनुभव

गेल्या काही महिन्यांत लंडनमधल्या ओळखीच्या मराठी लोकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या भाड्याच्या, घराला ओल आली आहे, फोन करून थकलो, आता कुणाकडे जायचं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. आमचं प्रकरण डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये संपलं. कौन्सिलचं नाव देत नाही, ते कळून कुणाचा फायदाही नाही. इथे लिहिलेले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

आम्ही पूर्व लंडनमध्ये राहतो. साठच्या दशकात बांधलेली काँक्रीटची इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम. नवरा बस गॅरेजमध्ये रात्रपाळी करतो, मी प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, त्यानंतर आधीच्या घरमालकाने घर विकायला काढलं, मग तात्पुरत्या निवाऱ्याच्या एका खोलीत बराच काळ काढला आणि शेवटी ‘बिडिंग’मधून हा फ्लॅट मिळाला. बिडिंग म्हणजे पैशांची बोली नव्हे, उपलब्ध घरांपैकी कुठलं हवं ते नोंदवायचं आणि आपल्या गरजेची पायरी व नोंदणीची तारीख यांवरून नंबर लागतो. भाडं आठवड्याला १३० पौंडांच्या आसपास. खासगीत असाच फ्लॅट महिन्याला अठराशे पौंड तरी घेतो. त्यामुळे हे घर सोडून जाऊ, असा विचार कधीच करता आला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘एवढा त्रास आहे तर दुसरीकडे का जात नाही’ हा सल्ला डोंबिवलीहूनही आला आणि इथल्या आपल्या माणसांकडूनही.

२०२३ च्या डिसेंबरात मुलाच्या खोलीत, बाथरूमला लागून असलेल्या कोपऱ्यात, छताला काळे ठिपके दिसले. पुसले, परत आले. महिन्याभरात कपाटामागची भिंत ओली लागायला लागली आणि खोलीला पावसाळ्यातल्या गादीसारखा वास यायला लागला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, वरच्यांना जाऊन सांग ना! नाहीतर सेक्रेटरीला गाठ.” तिचं चुकत नव्हतं. वरच्यांच्या बाथरूमची गळती हा डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधला सनातन विषय. गंमत म्हणजे दोन वर्षांनी उत्तर तेच निघालं, फक्त मधे एवढी ऑफिसं होती.

कौन्सिलच्या रिपेअर्स लाइनला फोन केला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एका मुलीने नोंद घेतली आणि मोल्ड वॉशचं, म्हणजे बुरशी काढण्याचं, काम टाकलं. तीन आठवड्यांनी एक माणूस आला, बुरशीनाशक फवारलं, डाग झाकणारा रंग मारला आणि गेला. चांगला माणूस होता. म्हणाला, दिवसाला सात-आठ घरं असतात, एका घराला वीस मिनिटं. “हे वरून झाकणं आहे, पाणी कुठून येतंय ते बघणं माझ्या कामात नाही,” असंही म्हणाला. मार्चमध्ये त्या रंगातून ठिपके पुन्हा वर आले आणि त्यांच्याभोवती या वेळी एक तपकिरी कडा होती.

या कडेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून होतं. घरातल्या वाफेने, म्हणजे कंडेन्सेशनने येणारी बुरशी बहुधा काळे ठिपके-ठिपके अशी असते, थंड भिंतीवर, खिडकीच्या कडेने, कपाटामागे. पाण्याची गळती असेल तर बहुतेक वेळा चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग असतो आणि त्याची कडा गडद असते. आमच्याकडे दोन्ही होतं. ज्याला फक्त कंडेन्सेशन बघायचं होतं, त्याला ते दिसलं.

एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला सर्व्हेयर आला. भिंतीला ओलावा मोजायचं यंत्र लावलं, फोटो काढले, मग स्वयंपाकघरात गेला आणि शेगडीकडे बघत विचारलं, प्रेशर कुकर रोज लावता का? कपडे कुठे वाळवता? रात्री किती जण झोपता? मी उत्तरं दिली. बाल्कनी नाही, कपडे घरातच वाळणार. कुकर रोज लागतो, दोन शिट्ट्या. तो विनयशील होता, आवाज चढवला नाही. पण तो गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून हिशेब करत होते, की डाळ-भात करणं हा गुन्हा आहे का. आठवड्याने पत्र आलं, कंडेन्सेशन, सोबत माहितीपत्रक. भांड्यांवर झाकण ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, घर नीट गरम ठेवा. बाहेर तीन अंश तापमान असताना खिडकी उघडी ठेवून घर गरम कसं ठेवायचं, ते पत्रकात नव्हतं.

नंतर कळलं की हाउसिंग ओम्बड्समनने, म्हणजे भाडेकरूंच्या घरमालक संस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेने, ऑक्टोबर २०२१ मध्येच ओल आणि बुरशीवर एक अहवाल काढून घरमालक संस्थांना बजावलं होतं, की भाडेकरूंच्या राहणीला दोष देणं थांबवा. त्याच्या आधी, डिसेंबर २०२० मध्ये, रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला होता. घरातल्या बुरशीत सतत राहिल्यामुळे त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असा निष्कर्ष कोरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. मुलाची छाती रात्री वाजायला लागली तेव्हा ती सारखी आठवायची.

इथून मी फोन बंद करून लिहायला लागले. एकच नियम ठरवला, फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी मेल टाकायचा, ‘आज अमुक वाजता आपलं बोलणं झालं, तुम्ही असं म्हणालात, कामाचा क्रमांक हा.’ उत्तर नाही आलं तरी हरकत नाही, नोंद राहते. सोबत नऊ पौंडांचं आर्द्रतामापक घेतलं आणि सकाळ-संध्याकाळ त्याचा फोटो काढायला लागले. दोन-तीन आठवड्यांत एक गोष्ट दिसली. आमच्याकडे स्वयंपाक संध्याकाळी होतो, पण तो कोपरा सकाळी आठच्या सुमारास जास्त ओला असायचा. तेव्हा वरच्या घरात आंघोळी चालायच्या.

एप्रिलच्या शेवटी औपचारिक तक्रार केली. दुरुस्तीची मागणी आणि तक्रार या कौन्सिलच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर वेळा फोन केला तरी ती तक्रार होत नाही, तसं लिहावं लागतं. मेलच्या विषयातच ‘औपचारिक तक्रार, स्टेज वन’ असं लिहा. ओम्बड्समनची तक्रार हाताळण्याची नियमावली १ एप्रिल २०२४ पासून बंधनकारक झाली. तक्रार मिळाल्याची पोच पाच कामकाजी दिवसांत आणि त्यानंतर उत्तर दहा कामकाजी दिवसांत. ते न पटल्यास स्टेज टू, तिथे पोचेनंतर वीस कामकाजी दिवस. मी हे दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवले होते.

स्टेज वनचं उत्तर उशिरा आलं. तक्रार अंशतः मान्य, पन्नास पौंड आणि पुन्हा मोल्ड वॉश. जूनमध्ये स्टेज टूला गेले. त्याच दरम्यान ठेकेदाराचे लोक ‘आलो होतो, घरात कोणी नव्हतं’ असं कार्ड टाकून जायचे. मी घरात असताना. एकदा तर कार्ड पडल्याचा आवाज ऐकून दार उघडलं तेव्हा जिन्यात पाठमोरा माणूस दिसला. हाक मारली, थांबला नाही. कार्ड पडलं की काम ‘बंद’ म्हणून नोंदलं जातं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. तेव्हापासून भेटीच्या दिवशी सकाळीच मेल टाकायचे, ‘मी घरात आहे, बेल चालू आहे, हा माझा नंबर.’ त्यानंतर कार्डं कमी झाली.

जुलैअखेर स्टेज टूचं उत्तर आलं. दीडशे पौंड, दिलगिरी आणि मूळ कारण मात्र कंडेन्सेशनच. शेवटी एक ओळ होती, की हा आमचा अंतिम निर्णय आहे आणि तुम्ही हाउसिंग ओम्बड्समनकडे जाऊ शकता. ही ओळ असलेलं पत्र जपून ठेवा. त्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे जाता येतं. सेवा मोफत आहे, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मी अर्ज केला. रांग मोठी आहे, बरेच महिने लागतील, असं त्यांनी आधीच सांगितलं.

वाट बघण्याच्या काळात दोन सल्ले वारंवार मिळाले. पहिला, भाडं थांबव. हे करू नका. थकबाकी झाली की घर ताब्यात घेण्याची नोटीस येऊ शकते आणि मग आपली बुरशी बाजूला राहून आपणच आरोपीच्या जागी बसतो. दुसरा सल्ला घेऊन तर एक माणूस दारावरच आला. हातात पत्रक, ‘काही खर्च नाही, हजारो पौंड मिळवून देतो’. घराच्या दुरवस्थेबद्दल कोर्टात जायचा हक्क खराच आहे. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं कलम ११ आणि २०१८ चा राहण्यायोग्य घरांचा कायदा त्यासाठीच आहेत. काही प्रकरणांत तोच मार्ग योग्य असतो, पण वकील आपण शोधावा, दारावर आलेला घेऊ नये. शेजारच्या जिन्यातल्या एका बाईंनी सही केली होती. त्यांच्या वकिलांनी सांगितलं, आमचा तज्ज्ञ पाहणी करेपर्यंत कौन्सिलच्या माणसाला आत घेऊ नका. काम आणखी लांबलं. शिवाय प्रकरण कोर्टात दाखल झालं की ओम्बड्समन ते हातात घेत नाही. मी पत्रक परत दिलं.

सप्टेंबरात आमच्या रहिवासी संघटनेच्या सेक्रेटरी, आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो, मूळच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या, त्यांनी एक गोष्ट सुचवली. माहिती संरक्षण कायद्याखाली स्वतःबद्दलची सगळी कागदपत्रं संस्थेकडून मागता येतात. फुकट. एरवी महिन्याभरात द्यावी लागतात. मी एक साधा मेल टाकला, माझं नाव, पत्ता, भाडेकराराचा क्रमांक आणि ‘डिसेंबर २०२३ पासून माझ्या घराबद्दलच्या सर्व नोंदी, फोटो, सर्व्हे अहवाल, अंतर्गत मेल’. मुदतीनंतर काही दिवसांनी एक मोठी पीडीएफ आली. काळ्या पट्ट्या मारलेली पानं, फोनच्या नोंदी, माझेच मेल. आणि मध्येच एप्रिलच्या सर्व्हेयरचा मूळ अहवाल.

त्यात लिहिलं होतं, ‘खोलीत कंडेन्सेशन आहे. छताच्या कोपऱ्यातला डाग वरच्या फ्लॅटच्या शॉवरखालून गळती असल्याचं सुचवतो. वरचा फ्लॅट लीजहोल्ड. लीजहोल्ड विभागाकडे पाठवावे.’ लीजहोल्ड म्हणजे फ्लॅट लांब मुदतीच्या कराराने विकलेला, इमारत मात्र कौन्सिलचीच.

म्हणजे ज्या माणसाने मला कुकरबद्दल विचारलं, त्यानेच खरं कारणही लिहून ठेवलं होतं. पुढे काय झालं तेही त्याच कागदांत दिसत होतं. दुरुस्ती विभागाच्या संगणकात ‘कंडेन्सेशन’ हा पर्याय निवडून काम बंद झालं. लीजहोल्ड विभागाला मेल गेल्याची नोंद कुठेच नव्हती. मी ते पान दोनदा वाचलं आणि पहाटे रात्रपाळी संपवून आलेल्या नवऱ्याला दारातच दाखवलं. तो बूटही न काढता वाचत उभा राहिला. इतके महिने मी घरात वाफ दिसली की मुलावर ओरडत होते, आंघोळीला जाऊ देताना घड्याळ बघत होते. राग आला तो गळतीचा नव्हता.

ते पान लगेच ओम्बड्समनच्या फाइलला जोडलं. ज्याची तक्रार अडली आहे त्याने हा अर्ज पहिल्या महिन्यातच करावा असं मला वाटतं.

आता वरचा फ्लॅट. १९८० च्या हाउसिंग कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना स्वतःचं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, राइट टू बाय. तेव्हापासून इंग्लंडमध्ये वीस लाखांच्या जवळपास घरं विकली गेली आणि आज कौन्सिलांकडे सोळा लाखांच्या आसपास उरली आहेत. वरचा फ्लॅट असाच विकला गेला, पुढे दोनदा हात बदलले आणि आता त्याचा मालक लंडनबाहेर राहतो, एजंटमार्फत भाड्याने देतो. इमारत कौन्सिलची, सामाईक पाइप कौन्सिलचे, पण त्या एका फ्लॅटपुरता पाइप लीजहोल्डरचा. गळका पाइप नेमका कुठल्या बाजूचा, हे आत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आत जाऊ देण्याचं बंधन ज्याच्यावर आहे तो तिथे राहत नाही.

मी वर गेले. तरुण जोडपं, कडेवर बाळ. त्यांनी मला फोनवरचे मेसेज दाखवले. शॉवरच्या ट्रेखालून पाणी मुरतंय, हे त्यांनी एजंटला फेब्रुवारीतच कळवलं होतं. एजंटचं उत्तर, हे कौन्सिलच्या पाइपचं काम आहे. त्यांचा करार वर्षाचा, फार कटकट केली तर पुढचं वर्ष मिळणार नाही ही भीती. त्यांचं भाडं आमच्या तिप्पट होतं. त्यांनी मला त्या मेसेजचे फोटो दिले, आपली नावं झाकून वापरा एवढंच म्हणाले.

हिवाळा २०२४-२५ असाच गेला. मुलाला इन्हेलर सुरू झाला. इथे एक खर्च वाचवता येतो. अनेक जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, पत्रासाठी पैसे घेतात, आमच्या दवाखान्याने तीस पौंड सांगितले. त्याऐवजी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपवरून भेटींच्या नोंदी आणि औषधांची यादी डाउनलोड करून जोडली, ती सगळ्यांनी पुरावा म्हणून मान्य केली. मुलाची गादी आणि कपाट फेकावं लागलं. फेकण्यापूर्वी फोटो आणि खरेदीची पावती ठेवा. सामानाच्या नुकसानीचा दावा कौन्सिलच्या विमा विभागाकडे वेगळा करावा लागतो. भाडेकरूंसाठी सामानाचा स्वस्त विमाही बऱ्याच कौन्सिलांमार्फत मिळतो, तो पहिल्याच दिवशी घ्यावा.

मार्च २०२५ मध्ये आपा मला कौन्सिलच्या घरबांधणी समितीच्या बैठकीला घेऊन गेल्या. सार्वजनिक बैठक असते, कुणीही बसू शकतं. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण तिथे वित्त अधिकाऱ्याने मांडलेला हिशेब ऐकून विचारात पडले. भाडेकरूंच्या भाड्याचं खातं वेगळं असतं. दुरुस्ती, पगार, कर्जावरचं व्याज, सगळं त्यातूनच भागवायचं, कौन्सिल टॅक्समधून त्यात भर घालता येत नाही. २०१६ पासून चार वर्षं सरकारने सामाजिक घरांची, म्हणजे कौन्सिल आणि गृहसंस्थांच्या कमी भाड्याच्या घरांची, भाडी दरवर्षी एक टक्क्याने कमी करायला लावली. भाडेकरूंना बरं वाटलं, पण दुरुस्तीचे पैसे तिथेच आटले. मग २०१७ मध्ये लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीच्या आगीत ७२ माणसं गेली आणि आगीपासून सुरक्षिततेची कामं, जी व्हायलाच हवी होती, ती पुढे आली. २०२३ मध्ये महागाई दहा टक्क्यांवर असताना भाडेवाढ सात टक्क्यांवर रोखली. तीही आमच्या सोयीची. विकलेल्या घरांचं भाडं नाही, पण त्यांच्या छतांची आणि पाइपांची जबाबदारी आहे. मोठं काम काढायचं तर प्रत्येक लीजहोल्डरशी कायदेशीर सल्लामसलत करायची आणि त्याच्या वाट्याच्या बिलावर वाद घालायचा. काही कौन्सिल तर स्वतः विकलेलीच घरं तात्पुरत्या निवाऱ्यासाठी भाड्याने परत घेतात.

हे सगळं मला पटलं. पण पैसा नव्हता म्हणून माझा अहवाल हरवला नाही. एका विभागातून दुसऱ्या विभागात एक मेल जायचा होता, त्याला पौंड लागत नाहीत. समितीत नागरिकांच्या प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं होती, तेव्हा मी एवढंच विचारलं, की सर्व्हेयर लीजहोल्ड गळती लिहितो तेव्हा ती नोंद पुढे पोचली का, हे कोण तपासतं? उत्तर लेखी देऊ म्हणाले. लेखी उत्तरात ‘कार्यपद्धतीचा आढावा सुरू आहे’ असं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ओम्बड्समनचा निर्णय आला. गैरप्रशासन झालं असा स्पष्ट निष्कर्ष. आदेश असे होते: चार आठवड्यांत लेखी माफी, ८५० पौंड भरपाई आणि सहा आठवड्यांत स्वतंत्र सर्व्हेयरकडून पाहणी. निर्णयात ‘भाडेकरूच्या राहणीला कारण ठरवण्यापूर्वी स्वतःच्याच अहवालाचा विचार केला नाही’ अशा अर्थाचं वाक्य होतं. ते मी नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं. पैसे वेळेत आले. थेट आमच्या खात्यात जमा झाले. स्वतंत्र सर्व्हेयरही आला आणि तपकिरी कडेवर बोट ठेवून पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, वरून आहे. मात्र वरचं दार काही उघडेना. मालक एजंटकडे बोट दाखवी, एजंट मालकाकडे.

२७ ऑक्टोबर २०२५ ला अवाबच्या नावाचा कायदा लागू झाला. २०२३ च्या सामाजिक घरांच्या कायद्यातली ही तरतूद आहे, पहिल्या टप्प्यात तातडीचे धोके आणि ओल-बुरशी. तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत पाहणी करून घर सुरक्षित करायचं. ओल-बुरशीचा मोठा धोका असेल तर कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत पाहणी, पाहणी संपल्यावर तीन कामकाजी दिवसांत भाडेकरूला लेखी सारांश, पाच कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करणं आणि पुढची कायमची कामं लगेच सुरू होत नसतील तर जास्तीत जास्त बारा आठवड्यांत. तेवढ्यात घर सुरक्षित होत नसेल तर राहायची दुसरी सोय.

३ नोव्हेंबरला, सोमवारी, मी नव्याने कळवलं. जुन्या क्रमांकाला न जोडता, नवा धोका म्हणून, मुलाच्या इन्हेलरच्या नोंदीसकट. मुलाचं वय आणि आजार पहिल्याच मेलमध्ये लिहा. धोका किती मोठा, हे त्या घरात कोण राहतं त्यावरही ठरतं. १२ तारखेला पाहणी झाली. १७ ला सारांश आला, दोन पानी, त्यात पहिल्यांदाच ‘वरच्या फ्लॅटमधून गळती’ हे शब्द अधिकृतपणे मला पाठवलेले होते. १९ च्या आत बाथरूमला आर्द्रता ओळखून आपोआप सुरू होणारा नवा पंखा लागला, बुरशी काढली गेली आणि मुलाने आमच्या खोलीत झोपावं असं लेखी सुचवलं. तो तसाही वर्षभर तिथेच झोपत होता.

तोच विभाग, बरीचशी तीच माणसं. फरक पडला तो मुदतीने. आमच्याकडे गॅसची वार्षिक तपासणी कधी चुकली नाही. घरात नसलो तर चार-चार पत्रं येतात. कारण तिला कायद्याची तारीख आहे. ओलीला ती नव्हती.

लीजमध्ये कौन्सिलला नोटीस देऊन आत जायचा हक्क असतो. आता बारा आठवड्यांचं घड्याळ चालू असल्यामुळे कायदा विभागाने मालकाला पत्र पाठवलं, दार उघडलं नाही तर काउंटी कोर्टातून आदेश आणू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दार उघडलं. शॉवरच्या ट्रेचा सांधा आणि त्याखालचा निचऱ्याचा पाइप, दोन्ही गेलेले. पाइप मालकाचा निघाला. त्याच्या माणसाने तो अर्ध्या दिवसात बदलला. अर्धा दिवस!

आमच्या बाजूचं काम सोपं नव्हतं. छताचा खडबडीत थर आणि पाइपांभोवतीची पेटी जुन्या काळची, त्यात ॲस्बेस्टस, म्हणजे धूळ श्वासात गेल्यास घातक ठरणारं जुनं बांधकाम-साहित्य, असू शकतं, म्हणून आधी नमुना प्रयोगशाळेत. कुणी ‘मी खरवडून देतो’ म्हणालं तरी जुन्या इमारतीत छताला हात लावू देऊ नका. पेटीत ॲस्बेस्टस निघालं. ती काढायला परवानाधारक लोक आले, तेव्हा जानेवारीत काही दिवस आम्हाला हॉटेलात ठेवलं. हॉटेलात स्वयंपाक करता येत नाही, जेवणाचा भत्ता मागितला तर मिळतो, मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. भिंत वाळायला वेळ गेला, मग प्लास्टर, मग रंग. फेब्रुवारीच्या मध्याला सर्व्हेयर येऊन यंत्र लावून गेला, भिंत कोरडी. गादी आणि कपाटाच्या दाव्यापैकी साधारण दोन-तृतीयांश रक्कम विमा विभागाने मान्य केली.

माझा स्वतःचा खर्च आर्द्रतामापक, छपाई आणि बुडालेल्या पगाराचे काही अर्धे दिवस. शाळेने समजून घेतलं, सगळीकडे घेत नाहीत. कौन्सिलचा खर्च माझ्याहून कितीतरी जास्त झाला असणार. भरपाई, दोन सर्व्हे, तीन मोल्ड वॉश, हॉटेल, वकिलांची पत्रं, आणि हे सगळं आमच्यासारख्यांच्याच भाड्यातून. फेब्रुवारीच्या शेवटी एप्रिलपासूनच्या भाडेवाढीचं पत्र आलं, ४.८ टक्के, सप्टेंबरच्या महागाई दरावर एक टक्का या सूत्राने. नवऱ्याने विचारलं, यावर पण तक्रार करणार का? नाही केली.

वरचं जोडपं गेलं. मालकाने दुरुस्तीनंतर भाडं वाढवलं. आता तिथे कोण आहे ते अजून भेटलेले नाहीत.

आपांच्या स्वतःच्या फ्लॅटला खिडकीच्या चौकटीतून पाणी येतंय. त्यांनी कळवलं, दहा कामकाजी दिवसांत पाहणी झाली, पण सारांश तीन दिवसांत आला नाही. म्हणून परवा आम्ही दोघींनी बसून स्टेज वनचा मेल लिहिला. पोच आली आहे, उत्तराची मुदत पुढच्या मंगळवारी संपते.